स्नेहसंमेलनातली गाणी: शब्द तपासायचे कुणी, आणि कसे?

मधली_सुट्टी
डिसेंबर जवळ आला की शाळेशाळेत तोच तंटा. नाचांची यादी जाहीर होते, कुणीतरी पालकांच्या ग्रुपवर गाण्याच्या चार ओळी टाकून विचारतं, ‘आठ वर्षांच्या पोरींनी यावर नाचायचं?’ लगेच उत्तर येतं, ‘अहो, मुलांना कुठे कळतात शब्द, ठेका बघा ना.’ दोन दिवस वादावादी, आणि मग एक तर गाणं तेच राहतं, नाहीतर तडजोड म्हणून कोळीगीत लागतं.

माझं म्हणणं असं की ‘शब्द कळत नाहीत’ हे प्रेक्षकाबद्दल खरं असेल, नाचणाऱ्याबद्दल नाही. हिशेब करून बघा. तीन आठवडे तालीम, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला सहा वेळा गाणं लागतं. झाले ९०. घरचा सराव तेवढाच धरला तर १८०. प्रेक्षक ते एकदा ऐकतो आणि वडापाव खायला बाहेर जातो. तरी सगळी काळजी प्रेक्षकांत बसलेल्या पाहुण्यांची. ज्याच्या तोंडी ते १८० वेळा जातं त्याचं कुणी विचारत नाही.

तर प्रश्न: गाण्याचे शब्द माणसावर, विशेषतः गाणाऱ्या-नाचणाऱ्यावर, खरंच काही करतात का? आणि यादी तपासायचीच झाली तर नेमकं काय तपासायचं? ‘संस्कृती बुडाली’ छापाचे प्रतिसाद नकोत, कृपया.

ठसका
संस्कृती बुडाली.
(राहवलं नाही.)

पेटीवाला
दुसऱ्या प्रश्नाचं आधी. बहुतेक ठिकाणी शब्द नेटवरून छापून घेतात आणि लाल पेनाने खुणा करतात. चूक इथेच होते. ‘भाग डी. के. बोस’ (२०११) कागदावर वाचा, कुणी बोस नावाचा गृहस्थ पळतोय एवढंच. आता तेच लयीत सलग चार वेळा म्हणा. शब्दांच्या सीमा सरकतात, ‘बोस’ पुढच्या ‘डी. के.’ला चिकटतो आणि कागदावर नसलेली शिवी तोंडात तयार होते. दादा कोंडक्यांची गाणीसुद्धा नुसती वाचली तर निम्मी बालभारतीत लावता येतील. चावटपणा शब्दात कमी आणि शब्दाआधीच्या विरामात जास्त असतो.

म्हणून तोंडाने तपासा. आधी मुखडा, पूर्ण लयीत, सलग चारदा, मोठ्याने. मुखडा आधी का, तर साडेतीन मिनिटांत तो सहा-सात वेळा येतो आणि प्रत्येक अंतरा एकदाच. पोरांच्या तोंडात घरी जातो तो मुखडा. अंतऱ्यातला शब्द खटकला तर कापता येतो. मुखडाच खटकला तर गाणं सोडा, कात्री घेऊन बसू नका.

उंटावरचा_शहाणा
मूळ गृहीतकच मान्य नाही. प्लेटोने आदर्श नगरीतून लिडियन सुरावटी हाकलल्या, तेव्हापासून ही भीती चालू आहे. आपल्याकडचा नमुना घ्या. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीत हलकं, म्हणून आकाशवाणीवर त्याचा वेळ कापला, चित्रपटाचं नाव घेणं बंद केलं. निर्मात्यांनी गाण्यांचे हक्क काढून घेतले. परिणाम काय? लोक शास्त्रीय संगीताकडे वळले? छे. रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे (श्रीलंकेच्या केंद्राकडे) वळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या बुधवारची संध्याकाळ तिच्या नावावर गेली. १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारने गुपचूप माघार घेतली. शब्दांनी माणूस बिघडतो हे खरं असतं तर सिलोन ऐकलेली अख्खी पिढी बिघडायला हवी होती. तीच पिढी आता आपल्याला संस्कार शिकवते आहे.

सदाफुली
@उंटावरचा_शहाणा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते.

नियंत्रित_गट
केसकरांच्या उदाहरणावरून बंदी फसते हे कळतं. शब्दांचा परिणाम होतो की नाही हा प्रश्न तिथेच राहतो. दोन्ही वेगळे ठेवू.

प्रयोगांतून जे हाती आहे ते थोडक्यात. २००३ साली अमेरिकेत पाच प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध झाली, पाचशेहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी. हिंसक शब्दांचं गाणं ऐकवल्यावर लगेच काही कामं दिली, उदाहरणार्थ गाळलेली अक्षरं भरून शब्द पूर्ण करणं. हिंसक गाणं ऐकलेल्यांचे शब्द आणि भावना जास्त आक्रमक निघाल्या. पण हे त्याच बैठकीतलं मोजमाप. घरी जाऊन कुणी कुणाला बदडलं का, हे त्यात नाही.

दुसरा अभ्यास २००६ चा, १२ ते १७ वयाची १,४६१ मुलं, काही वर्षांच्या अंतराने तीनदा दूरध्वनीवर मुलाखती. तो या धाग्याला जास्त लागू आहे, कारण त्यांनी गाण्यांचे दोन गट केले. शृंगारिक पण माणसाला माणूस मानणारी एकीकडे, आणि बाईला वस्तू व पुरुषाला न आवरणारा वळू समजणारी दुसरीकडे. पुढच्या काळातल्या लवकर लैंगिक अनुभवांशी संबंध दिसला तो फक्त दुसऱ्या गटाचा. पहिल्याचा नाही. म्हणजे ‘अश्लील आहे का’ यापेक्षा ‘गाण्यात समोरच्याला काय समजलं आहे’ हा प्रश्न कामाचा.

उंटावरचा_शहाणा
जी मुलं मुळात त्या वाटेवर आहेत तीच तसली गाणी निवडतात, असंही असू शकेल ना? कोंबडी आधी की अंडं?

नियंत्रित_गट
शंका रास्त. त्यांनी घरची परिस्थिती, मित्रमंडळ, आईवडिलांची देखरेख वगैरे अनेक गोष्टी हिशेबात धरल्या होत्या, पण न मोजलेलं काहीतरी उरतंच. त्यामुळे ‘सिद्ध झालं’ म्हणणार नाही. उलट बाजूचंही सांगतो. मदत, माणुसकी असल्या शब्दांची गाणी ऐकवली की लोक थोडी जास्त मदत करतात असे प्रयोग आहेत. फ्रान्समधल्या एका उपाहारगृहात तर टिप वाढल्याचं प्रसिद्ध झालं होतं. मात्र त्या गटातल्या एका संशोधकाच्या इतर निबंधांच्या आकड्यांवर नंतर गंभीर आक्षेप आले, तेव्हा त्या टिपेवर हॉटेल काढू नका.

ठसका
आमच्या इथल्या उडप्याला सांगून बघतो, ‘इतनी शक्ती हमें देना दाता’ लाव म्हणून.

जिवती
सगळे फक्त सिनेमाच्या गाण्यांवर तुटून पडले आहेत म्हणून वेगळं टोक धरते. भोंडला. हत्तीभोवती फेर धरून पाच-सात वर्षांच्या मुली काय म्हणतात ते कधी शब्द लावून ऐकलंत? कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. आता वेल येऊ दे. मग फूल, मग कारलं, मग भाजी, मग ती खा, मग उष्टं-खरकटं काढ. प्रत्येक कडव्यात सून ते निमूट करते आणि पुन्हा विचारते. या गाण्याला कुणी लाल पेन लावत नाही, कारण ते ‘आपलं’ आहे आणि मागून खिरापत मिळते. बाईने किती थांबायचं असतं, याचा याहून चिवट धडा कुठल्या आयटम साँगमध्ये आहे मला दाखवा.

पेटीवाला
@जिवती, दंडवत. पण एक बघा. त्या गाण्यात गंमत वाढत जाते ती सासूच्या मागण्यांच्या यादीमुळे. फेर धरणाऱ्या सगळ्या सुनेच्या बाजूने हसतात, सासूच्या नाही. एकाच शब्दांत धडाही आहे आणि खिल्लीही.

जिवती
मान्य, अर्ध्यावर. मोठ्या बायका म्हणतात तेव्हा खिल्ली असते, सासुरवास माहीत असतो. सात वर्षांची मुलगी म्हणते तेव्हा नुसती यादी पाठ होते. जात्यावरच्या ओव्या तुमच्या बाजूच्या आहेत हे मात्र कबूल. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. नवऱ्याचं, सासरचं, जातीचं गाऱ्हाणं त्यात असं आहे की त्या बायांनी ते बोलून दाखवलं असतं तर धडगत नव्हती. जात्याची घरघर चालू असताना गायलं तर चालतं. तिथे गाण्याने बाईला वळण लावलं असं म्हणता येत नाही, उलट बोलायला आडोसा दिला.

फडावरचा
मूळ प्रश्नात ‘गाणाऱ्यावर’ हा शब्द आहे आणि त्यावर अजून कुणी आलेलं नाही, म्हणून लावणीपुरते लिहितो.

पहिली गोष्ट, लावणीतली ‘मी’ बाई असते आणि लिहिणारा बहुधा पुरुष. राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव ते थेट जगदीश खेबुडकर. म्हणजे शब्द एकाचे, ‘मी’ दुसरीची आणि ऐकणारा तिसराच. बैठकीच्या लावणीत गाणारी बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक खेपेला अदा बदलते. त्याच चार शब्दांतून एकदा लाडिक तक्रार, एकदा टोमणा, एकदा खराखुरा विरह. हे साधण्यासाठी तिला शब्दांपासून हातभर दूर उभे राहावे लागते. जी स्वतः शब्दांत वाहून जाते तिची अदा दुसऱ्याच आवर्तनाला संपते. सुलोचना चव्हाण हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. अंगभर पदर घेऊन उभ्या राहायच्या, हातवारे जवळजवळ नाहीत, आणि सगळा ठसका उच्चारात. लावणीसम्राज्ञी म्हणून मान मिळाला, २०२२ मध्ये पद्मश्री. त्या शब्दांनी त्यांचे काय वाकडे केले?

दुसरी गोष्ट कडू आहे. गाणारीवर परिणाम होतो, पण तो शब्दांतून आत न शिरता ऐकणाऱ्याच्या नजरेतून उलटा येतो. पठ्ठे बापूराव शाहीर म्हणून पाठ्यपुस्तकात जातात. त्यांचीच रचना संगीत बारीत (लावणी सादर करणाऱ्या बायकांच्या संचात) गाणाऱ्या बाईसाठी गावात निराळाच शब्द असतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतातल्या खेर सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा पोट कुणाचे मारले गेले? पुढे दत्तो वामन पोतदारांची समिती नेमली गेली, संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आली, आणि फडांनी ‘तमाशा’ची पाटी उतरवून ‘लोकनाट्य’ची लावली. शब्द धुतले गेले. नजर तीच राहिली.

सदाफुली
शेवटचा परिच्छेद वाचून जरा थांबले. अवांतर: गदिमांनी गीतरामायण लिहिलं (१९५५-५६, ५६ गाणी) आणि १९५९ च्या सिनेमात ‘बुगडी माझी सांडली गं’ही त्यांचंच. लेखणी एकच. तेव्हा शब्द लिहिणाऱ्याला काही होत नाही असं नोंदवून घ्यावं का?

फडावरचा
@सदाफुली, राम जोशी उलट साक्ष देतील. सोलापूरचे, तमाशातले नावाजलेले कवी, पुढे मोरोपंतांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळले असे सांगतात. पण गंमत अशी की उपदेश करायलाही त्यांनी लावणीचाच साचा वापरला. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनीही तेच केले. तमाशाचा साचा घेतला आणि शृंगाराच्या जागी शिक्षण, दारूबंदी, जातिभेद आणला. साचा दोघांनाही तितकाच इमानी.

कलमकसाई
कायद्याचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशा रीतीने अश्लील गाणं म्हणणं हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ चा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘त्रास होईल’ हा भाग सिद्ध करावा लागतो. अश्लील कशाला म्हणायचं यासाठी २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाने समकालीन समाजाच्या मापाची कसोटी धरली आहे.

दारू-बंदुकीचं प्रकरण वेगळं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पोलिसांना सांगितलं की दारू, अमली पदार्थ, हिंसा यांचा उदोउदो करणारी गाणी कार्यक्रमांतही वाजू देऊ नका. २०२२ मध्ये पंजाब सरकारने बंदुका मिरवणाऱ्या गाण्यांवर बडगा उगारला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या कार्यक्रमाआधी दिलजित दोसांझला तेलंगणातून नोटीस गेली. त्याने काय केलं? मंचावर ‘दारू’च्या जागी ‘कोक’ म्हटलं आणि ‘ठेक्या’च्या (म्हणजे दारूच्या दुकानाच्या) जागी ‘हॉटेल’. नोटिशीचा मान राहिला.

ठसका
आणि कोकचा खप वाढला.

पेटीवाला
शब्द बदलणं हा स्वतंत्र कसब आहे बरं का. बदली शब्दाच्या मात्रा जुळायला हव्यात. ‘दारू’ म्हणजे दोन गुरू, चार मात्रा. ‘कोक’ तीनच, एक मात्रा गायकाने ओढून भरून काढायची. ‘पाणी’ बरोबर बसतं. दुसरं म्हणजे ताणलेला स्वर. मूळ शब्दात वरच्या सुरावर ‘आ’ धरलेला असेल आणि तुम्ही तिथे ‘ई’चा शब्द टाकलात तर गळा चिमटतो, लहान मुलांचा तर हमखास. १९९४ मध्ये एका गाण्यातला ‘सेक्सी सेक्सी’ काढून ‘बेबी बेबी’ केलं होतं. मात्रा चोख, शेवटचा ‘ई’सुद्धा तोच. शब्द बसला आणि अर्थ होता तिथेच राहिला, कारण बाकीची ओळ कुणी हलवलीच नव्हती.

वजा_तीन_डेसिबल
कापाकापी करणाऱ्यांसाठी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच शब्द गप्प करणं किंवा त्यावर टूं वाजवणं. शब्द समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) असेल तर सभागृहातली पाचशे माणसं तो एकसुरात भरून काढतात. मूळ गाण्यात नव्हता इतका तो ठळक होतो. काढायची तर पूर्ण ओळ काढा.

कुठे कापायचं? समेपासून समेपर्यंत. केहरवा तालाच्या आठ मात्रा. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर एक आवर्तन चार सेकंदांचं. म्हणून चार, आठ, सोळा सेकंदांचेच तुकडे काढा. नाचाचे मोजही आठाचे असतात, मुलांची रचना मोडत नाही. ऑडॅसिटीत (आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कापल्यावर सांध्यावर १०-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा उमटणं) द्या, नाहीतर ‘टक्’ असा आवाज येतो. मागच्या ओळीच्या शेवटच्या अक्षराची घुमार पुढे लोंबते आहे का ते हेडफोन लावून ऐका. लोंबत असेल तर काप एका आवर्तनाने मागे घ्या.

गाणाऱ्याचा आवाजच काढून टाकायची जुनी युक्ती, स्टिरिओच्या डाव्या आवाजातून उजवा वजा करायची, टाळा. आवाजाबरोबर मधोमध असलेली ढोलकी आणि बेसही जातात. वर काही साधनं डावीकडे एक आणि उजवीकडे त्याचं बरोबर उलटं देतात. हेडफोनवर ठीक वाटतं, पण शाळेचा मोनो स्पीकर दोन्ही एकत्र करतो आणि ती एकमेकांना खाऊन टाकतात. पडदा वर, मुलं तयार, आणि हॉलमध्ये शुकशुकाट. अलीकडची आवाज वेगळा काढणारी साधनं बरीच बरी, पण तालीम ज्या स्पीकरवर व्हायची त्यावरच एकदा वाजवून घ्या.

सदाफुली
शब्द कापले आणि कंबर तीच ठेवली तर काय उपयोग? नाच बसवणारे व्हिडिओ लावून सिनेमातल्या हालचाली जशाच्या तशा उचलतात. सात वर्षांच्या मुलीला शब्द एक वेळ कळणार नाही, पण ओठ चावून डोळा मारायला शिकवलं की टाळ्या कधी पडतात ते तिला पहिल्या प्रयोगातच कळतं. फडावरचा यांनी नजर म्हटलं ती हीच.

नियंत्रित_गट
हा मुद्दा महत्त्वाचा. प्रयोग बहुतेक ऐकणाऱ्यांवर झालेत. म्हणणं, नाचणं आणि त्यावर शाबासकी मिळणं हे तिन्ही एकत्र आलं की साध्या ऐकण्याचे निष्कर्ष त्याला चिकटवता येत नाहीत. अधिकच असणार असा माझा कौल, पण तो कौलच.

उंटावरचा_शहाणा
ठीक, अर्धं पाऊल मागे घेतो. पण चिठ्ठ्या चिकटवू नका. १९८५ मध्ये अमेरिकेत आयांच्या एका संघटनेने ओरड केली, सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि ध्वनिमुद्रिकांवर ‘पालकांना इशारा’ची चिठ्ठी आली. मोठ्या दुकानदारांपैकी वॉलमार्टने तसा माल ठेवायला नकार दिला आणि पोरं नेमकी तीच चिठ्ठी शोधत फिरली. शिमगा यापेक्षा शहाणा होता. काय बोंबलायचं ते बोंबला, पण होळीपुढे आणि ठरलेल्या दिवसांत. शब्दांना अटकाव नव्हता, वेळेला होता. विहिणींच्या गाण्यांतल्या शिव्याही लग्नमांडवापुरत्याच.

जिवती
आणि आता मोबाइलमुळे बारा महिने शिमगा.

मधली_सुट्टी
धागा माझ्या अपेक्षेपेक्षा फारच पुढे गेला. कामाचं तेवढं उचलते: मुखडा तोंडाने चारदा म्हणून बघायचा; गाण्यात समोरच्याला माणूस समजलंय की वस्तू ते बघायचं; ‘आपलं’ आहे म्हणून भोंडल्याला सूट नाही; हालचाली मूळ व्हिडिओवरून उचलायच्या नाहीत; आणि कापायचं तर पूर्ण ओळ, आठाच्या हिशेबात. तरी एक अडलंच. पहिली-दुसरीच्या मुलांना काय द्यायचं? सध्या यादीत पाडगावकरांचा ‘भोलानाथ’ आहे.

पेटीवाला
उत्तम. मुखडा निर्धोक, मात्रा मुलांच्या श्वासात बसतात.

कलमकसाई
हरकत आहे. शाळेभोवती तळं साचून सुट्टी मिळावी अशी त्यात उघड मागणी आहे. मुख्याध्यापकांनी शब्द वाचलेत का?

ठसका
वाचलेत. आडून आडून विचारत होते, आठवड्यात तीन रविवारांचं काही जमतंय का.